राजाज्ञा आणि सत्यव्रत : कर्मवीर भाऊराव पाटील

श्रावकाच्या अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांत ‘विरुद्धराज्यातिक्रम’ गणला आहे. राज्याचे नियम डावलून देवघेव करणे हा व्रताला लागणारा दोष होय. दुसरीकडे कूटसाक्ष, म्हणजे खोटी साक्ष, हे स्थूल असत्य मानले आहे. मग राज्यसत्तेनेच खोटी साक्ष मागितली तर? कर्मवीरांच्या जीवनात या प्रश्नाचे उत्तर सापडते.

भाऊरावांचा जन्म 22 सप्टेंबर 1887 रोजी कुंभोज येथे जैन कुटुंबात झाला. वडील पायगोंडा सरकारच्या महसूल खात्यात नोकरीस होते. कोल्हापुरात शिकताना भाऊराव अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाच्या समारंभास गेले. परतल्यावर स्नान करण्यास त्यांनी नकार दिला आणि त्यापायी जैन बोर्डिंग सोडावे लागले.

1914 साली कोल्हापुरात बादशहा एडवर्ड यांच्या पुतळ्यास डांबर फासण्यात आले. संशय अण्णासाहेब लठ्ठे यांच्यावर घेण्यात आला. त्यांच्याविरुद्ध साक्ष द्यावी म्हणून पोलिसांनी भाऊरावांना कोठडीत डांबले व छळ केला. यातना असह्य होऊन त्यांनी जीव देण्याचाही प्रयत्न केला; पण खोटी साक्ष दिली नाही.

या छळानंतरही त्यांनी मनात वैर धरले नाही. ज्या संस्थानाच्या कोठडीत हे सोसले, त्याच संस्थानचे अधिपती राजर्षी शाहू महाराज यांचे नाव त्यांनी 1924 साली साताऱ्यात सुरू केलेल्या वसतिगृहास दिले. तेथे सर्व जातींची मुले एकत्र राहिली. 4 ऑक्टोबर 1919 रोजी काले येथे स्थापन केलेली रयत शिक्षण संस्था त्यांनी याच निष्ठेने वाढविली. स्वराज्य आल्यावरही त्यांचा स्पष्टवक्तेपणा कायम राहिला. 1948 च्या सुमारास शासनावरील टीकेमुळे संस्थेचे अनुदान थांबले. संत गाडगे महाराजांनी शब्द टाकल्यावर ते पुन्हा सुरू झाले. 1959 साली पद्मभूषण लाभले आणि त्याच वर्षी 9 मे रोजी त्यांचे निधन झाले.

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर परिसरातील आपला समाज बहुतांशी व्यापारी आहे. कर भरणे, वजनमाप चोख राखणे, परवान्याशिवाय बांधकाम न करणे हा आपला व्रतधर्मच होय. पोलीस किंवा दंड यांचे भय नसतानाही तो पाळावयाचा असतो. मात्र ज्या आज्ञेने निरपराध माणसाचा बळी जातो, ती आज्ञा मानण्याचे बंधन श्रावकावर नाही. नकाराचे मोल मात्र स्वतः सोसावे लागते, आणि सोसतानाही द्वेष ठेवावयाचा नसतो. कर्मवीरांनी ही दोन्ही कर्तव्ये पाळली. त्यांच्या पुण्यस्मृतीस विनम्र अभिवादन!