शनिवारची सभा आणि रमाबाई रानडे

१८८२ सालच्या उन्हाळ्यात पुणे शहरात एक चोवीस वर्षांची विधवा आपल्या लहानग्या मुलीला घेऊन आली. संस्कृत पंडितांना शास्त्रार्थात निरुत्तर करणारी, कलकत्त्याच्या विद्वानांनी ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या देऊन गौरविलेली ही स्त्री म्हणजे पंडिता रमाबाई. याच पुण्यात वीस वर्षांची आणखी एक रमाबाई होती. ती रानड्यांची सून, न्यायखात्यातील बड्या अधिकाऱ्याची पत्नी, आणि एकत्र कुटुंबातील सर्वांत धाकटी, म्हणून सर्वांत मुकी. या दोन रमाबाईंची गाठ पडली आणि त्यातून महाराष्ट्रातील स्त्रियांच्या एकत्र वाचनाचा, एकत्र बसून बोलण्याचा एक प्रघात सुरू झाला. पंडिता रमाबाई वर्षभरातच विलायतेला गेल्या. रमाबाई रानडे मात्र पुण्यातच राहिल्या आणि त्यांनी हा प्रघात पुढे चार दशके निरनिराळ्या रूपांत चालविला.

रमाबाईंचा जन्म आजच्या सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे या गावचा, कुर्लेकरांच्या घरातला. (पुढे याच गावी यशवंतराव चव्हाणांचाही जन्म झाला.) माहेरी मुलींना अक्षरओळख करून देण्याची पद्धत नव्हती. वाचणाऱ्या बाईच्या नवऱ्याचे आयुष्य सरते, हा समज त्या काळी घरोघरी होता आणि त्याला बळकटी देणारी उदाहरणेही वडीलधाऱ्यांना तोंडपाठ असत. १८७३ च्या डिसेंबरात अकरा वर्षांच्या रमाबाईंचा विवाह महादेव गोविंद रानडे यांच्याशी झाला. वराचे वय एकतीस. पहिली पत्नी निवर्तून काही महिनेच झाले होते. विधवाविवाहाचा पुरस्कार करणारे रानडे विधवेशीच लग्न करतील, अशी सुधारकांची अपेक्षा होती. वडिलांच्या हट्टापुढे त्यांनी मान तुकविली आणि त्याबद्दल त्यांच्यावर जी टीका झाली, ती आजही थांबलेली नाही. ती टीका रास्तच आहे. रमाबाईंच्या चरित्रातील सारी गुंतागुंत इथूनच सुरू होते, कारण ज्या विवाहाने रानड्यांच्या सुधारकपणाला डाग लागला, त्याच विवाहाने त्यांना एक विद्यार्थिनी मिळाली.

लग्नानंतर लगेचच रात्रीच्या वेळी पाटी-पेन्सिलीचा अभ्यास सुरू झाला. पुढे ट्रेनिंग कॉलेजातील शिक्षिका घरी येऊ लागली. घर मात्र केवळ पती-पत्नींचे नव्हते. सासूबाई, नणंद, आश्रित नातेवाईक स्त्रिया असा मोठा गोतावळा होता. दिवसा त्यांच्या राज्यात वावरायचे आणि रात्री पतीच्या खोलीत पुस्तक उघडायचे, अशी रमाबाईंची दुहेरी दिनचर्या होती. मोठ्याने वाचले तर टोमणे, हळू वाचले तर लपवाछपवीचा आरोप. स्वयंपाकघरातून अबोला धरला जाई. तक्रार पतीकडे नेली तर घर फुटते, न नेली तर आपणच गुदमरतो. रमाबाईंनी दुसरा मार्ग पत्करला. त्यांच्या सोशिकतेचे कौतुक नंतरच्या चरित्रकारांनी भरभरून केले. पण त्या सोशिकतेची किंमत रोज कोण मोजत होते, हे कौतुकात हरवून गेले.

नाशिक आणि धुळे येथे रानड्यांची बदली झाली तेव्हा या दिनचर्येला थोडी मोकळीक मिळाली. पुण्यातील गोतावळा दूर होता. इंग्रजीचा श्रीगणेशा याच काळात झाला. हळदीकुंकवाच्या निमित्ताने गावातील स्त्रिया घरी येऊ लागल्या. मुलींच्या शाळेतील समारंभांना स्त्रियांनी जावे, यासाठी रमाबाई घरोघरी जाऊन बोलावणी करू लागल्या. हळदीकुंकू हे निमित्त असे, पण त्यातून गप्पा, गप्पांतून वाचलेल्या गोष्टी आणि गोष्टींतून शाळेचा विषय निघे. स्त्रियांना एकत्र आणायचे तर त्यांच्या ओळखीच्या दारातूनच आत शिरावे लागते, ही जाण त्यांना तिथे आली असावी. रानड्यांची दृष्टी अधू होती. त्यांना पत्रे, वर्तमानपत्रे, पुस्तके वाचून दाखविण्याचे कामही हळूहळू रमाबाईंकडे आले. पतीला वाचून दाखविताना त्यांचा स्वतःचा अभ्यास पक्का होत गेला.

अशा तयारीच्या वेळी पंडिता रमाबाई पुण्यात आल्या. प्रार्थना समाजाच्या मंडळींनी त्यांना आश्रय दिला. निरनिराळ्या घरी त्यांची पुराणे होऊ लागली आणि त्यांना पुरुषांइतकीच स्त्रियांचीही गर्दी होई. बाई पुराण सांगते, हेच पुण्याला नवे होते. लवकरच त्यांच्या पुढाकाराने आर्य महिला समाजाची स्थापना झाली. दर शनिवारी सभा भरे. बायका आपापल्या घरून चालत येत. कुणी निबंध वाचे, कुणी वाचलेल्या पुस्तकातील मजकूर सांगे आणि नंतर त्यावर चर्चा होई. आज ही गोष्ट साधी वाटते. पण ज्या काळी बाईचे बाहेर पडणे देवळापुरते, तेथे दर आठवड्याला ठरलेल्या वेळी, कोणताही देव वा व्रत मध्ये न आणता, केवळ वाचलेले बोलण्यासाठी घराबाहेर पडणे हा मोठा गुन्हा होता. कथाकादंबऱ्या लिहिणाऱ्या काशीबाई कानिटकरही याच वर्तुळातल्या. स्वतःच्या जिद्दीवर वाचायला शिकलेल्या काशीबाईंनी पुढे १८८९ मध्ये डॉ. आनंदीबाई जोशी यांचे चरित्र लिहिले. मराठी स्त्रीने दुसऱ्या स्त्रीचे लिहिलेले हे सुरुवातीच्या चरित्रांपैकी एक. त्यामागेही या पिढीतील मैत्रीच होती.

रानड्यांच्या घरात या शनिवारांनी वादळ उठविले. पंडिताबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला आणि मुलींना संस्कृत शिकविले म्हणून समाजाने त्यांना छळले होते. खुद्द पंडिताबाईंनी बंगालमधील अन्य जातीच्या गृहस्थाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला होता आणि दोन वर्षांतच त्या विधवा झाल्या होत्या. अशा बाईच्या संगतीत घरची सून जाते, हे सासरच्या स्त्रियांना सहन होण्यासारखे नव्हते. सभेहून परतलेल्या रमाबाईंशी बोलणे बंद होई, सोवळ्याओवळ्याचे नियम अधिकच कडक होत. मिस हरफर्ड या इंग्रज बाईंकडून शिकवणी सुरू झाली तेव्हा तर विटाळाचे नवे निमित्त मिळाले. तरीही शनिवार चुकला नाही. दोघी रमाबाईंचे स्वभाव अगदी भिन्न होते. एक वादळासारखी, बोलून टाकणारी, घर-गाव-धर्म कशालाही न बांधलेली. दुसरी संथ, तोलून बोलणारी, घराच्या चौकटीत राहून चौकट रुंद करू पाहणारी. पण एकीच्या धाडसाखेरीज दुसरीच्या संथपणाला दिशा मिळाली असती का, हा प्रश्न उरतोच.

ही संगत फार काळ टिकली नाही. १८८३ मध्ये पंडिता रमाबाई इंग्लंडला गेल्या आणि त्याच वर्षी सप्टेंबरात त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. पुण्यातील सुधारकांना हा जबर धक्का होता. ज्यांनी शनिवारच्या सभेविरुद्ध आधीपासून बोटे मोडली होती, त्यांना आपले भाकीत खरे ठरल्याचा आनंद झाला. वाचणाऱ्या बायका शेवटी धर्म बुडवितात, हा निष्कर्ष काढायला आता पुरावा होता. १८८९ मध्ये परत येऊन पंडिताबाईंनी मुंबईत शारदा सदन काढले, पुढे ते पुण्यास आणले. रानडे, भांडारकर त्याच्या सल्लागार मंडळावर होते. मुलींवर धर्मांतराचा प्रभाव पडत असल्याच्या आरोपावरून १८९३ मध्ये ही मंडळी बाहेर पडली. दोन रमाबाईंच्या वाटा तिथे दुरावल्या. या ताटातुटीने रमाबाई रानडे यांच्या कामापुढे एक अवघड अट ठेवली. यापुढे स्त्रियांना एकत्र आणायचे तर धर्म सुटणार नाही, याची हमी प्रत्येक पावलावर द्यावी लागणार होती. त्यांच्या पुढील कामातील सावधपणा अनेकांना खटकतो. तो कुठून आला, हे पाहिले म्हणजे त्याचा अर्थ लागतो.

पंडिताबाईंच्या पाठीमागे पुण्याची आर्य महिला समाजाची सभा विस्कटू दिली गेली नाही, याचे बरेचसे श्रेय रमाबाईंना आहे. मुलींसाठी हायस्कूल हवे ही मागणी गव्हर्नर फर्ग्युसन यांच्यापुढे मांडण्याची वेळ आली तेव्हा रमाबाईंनी भरसभेत इंग्रजी भाषण वाचले. १८८४ मध्ये हुजूरपागेची शाळा उभी राहिली. सभेतील टाळ्या संपून घरी आल्यावर त्या रात्री त्यांना काय ऐकावे लागले असेल, याची कल्पना करणे कठीण नाही.

१८८६ मध्ये सरकारी वित्त समितीच्या कामासाठी रानडे कलकत्त्यास गेले. त्या मुक्कामातील एक प्रसंग रमाबाईंच्या आठवणींत आहे आणि तो मराठी वाचकांच्या पिढ्यांनी लक्षात ठेवला आहे. रानड्यांनी बंगाली पुस्तके विकत आणली आणि दाढी करायला आलेल्या न्हाव्याकडूनच अडलेले शब्द विचारून घ्यायला सुरुवात केली. एवढ्या मोठ्या पदावरच्या माणसाने न्हाव्यापुढे विद्यार्थी व्हावे, याचा रमाबाईंना संकोच वाटला. रानड्यांनी त्यांना चोवीस गुरू करणाऱ्या दत्तात्रेयांची आठवण दिली. मग रमाबाईही त्याच पुस्तकांवरून बंगाली शिकल्या. पाच-सहा महिन्यांच्या परदेशासारख्या वाटणाऱ्या त्या मुक्कामात घरातला एकही डोळा त्यांच्या पुस्तकावर रोखलेला नव्हता, हेही विसरता येत नाही.

१८९३ च्या अखेरीस रानडे मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले. मुंबईत रमाबाईंनी १८९४ मध्ये ‘हिंदू लेडीज सोशल अँड लिटररी क्लब’ सुरू केला. नाव इंग्रजी, काम घरगुती. भाषांचे वर्ग, सामान्य ज्ञान, शिवणकाम असे सारे एकत्र. साहित्याच्या शेजारी सुई-दोरा ठेवण्यात काहींना कमीपणा वाटेल. रमाबाईंना तो वाटला नाही. शिवणकामासाठी घरून परवानगी मिळे, आणि एकदा आत आलेली बाई पुस्तकाच्या वर्गालाही बसे. नाशिकच्या हळदीकुंकवाचाच हा विस्तार होता.

त्या काळी नांदेड आणि लातूर हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. पुण्या-मुंबईतील या हालचालींचे वारे तिथवर पोहोचायला फार वेळ लागला. बायकांचे एकत्र वाचन नव्हते असे मात्र नव्हे. चातुर्मासात एकीने पोथी लावायची आणि गल्लीतील बाकीच्यांनी ऐकायची, ही रीत गोदाकाठच्या गावांत होतीच. मराठी शाळा-कॉलेजांचा विस्तार १९४८ च्या मुक्तीनंतरचा. नांदेडचे पीपल्स कॉलेज १९५० मध्ये, लातूरचे दयानंद कॉलेज १९६१ मध्ये निघाले. पोथी ऐकणाऱ्या आज्यांच्या नाती तेथे पुस्तके घेऊन बसू लागल्या, तेव्हा शनिवारच्या सभेला सत्तर-ऐंशी वर्षे उलटली होती. भिशीच्या बैठकीत कुणीतरी नवी कादंबरी पुढे करते आणि पुढच्या महिन्यात तिच्यावर बोलणे होते, असे आज या शहरांत घडते तेव्हा ओळखीच्या दारातून आत शिरण्याची रमाबाईंची युक्तीच कामी येत असते.

१६ जानेवारी १९०१ रोजी रानडे गेले. रमाबाई पुण्यास परतल्या. वर्षभर त्या जवळजवळ एकांतात होत्या. त्यानंतर बाहेर पडल्या त्या येरवड्याच्या तुरुंगात जाण्यासाठी. तेथील स्त्री कैद्यांना भेटणे, त्यांच्याशी बोलणे, त्यांना काही वाचून दाखविणे हे त्यांचे नेमाचे काम झाले. १९०४ मध्ये मुंबईत भरलेल्या भारत महिला परिषदेच्या पहिल्या अधिवेशनाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. मुंबईत बेहरामजी मलबारी आणि दयाराम गिडुमल यांनी काढलेल्या सेवासदनाच्या त्या अध्यक्षा होत्या. १९०९ मध्ये गोपाळ कृष्ण देवधर यांच्या साहाय्याने पुण्याचे सेवासदन सुरू झाले, तेही रानड्यांच्या स्वतःच्या वाड्यात. ज्या प्रकारच्या घरात एकेकाळी पुस्तक लपवावे लागे, तशाच घरात आता परक्या घरच्या विधवा, परित्यक्ता आणि लग्न झालेल्या मुली उघडपणे वाचायला बसल्या. ससून रुग्णालयात परिचारिकेचे शिक्षण घेण्यासाठी उच्चवर्णीय विधवांना पाठविण्याचा निर्णय झाला तेव्हा पुन्हा गदारोळ उठला. रमाबाई बधल्या नाहीत. पुढे मुलींच्या सक्तीच्या प्राथमिक शिक्षणासाठी आणि स्त्रियांच्या मताधिकारासाठीही त्या पुढे आल्या. लोकमान्यांच्या पुण्यात ही बाजू घेणे सोपे नव्हते.

१९२४ मध्ये त्यांचे निधन झाले. १९६२ मध्ये, जन्मशताब्दीच्या वर्षी, भारत सरकारने त्यांच्या नावे टपाल तिकीट काढले. २०१२ मध्ये ‘उंच माझा झोका’ या दूरचित्रवाणी मालिकेने त्यांना घरोघरी नेले, तेव्हा अनेकांना त्या प्रथमच भेटल्या. ज्यांना मूळ रमाबाई वाचायच्या आहेत, त्यांच्यासाठी १९१० मध्ये प्रसिद्ध झालेले ‘आमच्या आयुष्यातील कांही आठवणी’ हे पुस्तक आहे. गोपाळ कृष्ण गोखले यांची त्याला प्रस्तावना आहे. मराठी आत्मचरित्रांत त्याचे स्थान फार वरचे. शीर्षकातील ‘आमच्या’ हा शब्द अगदी नेमका आहे. प्रत्येक प्रकरणात रानडे मध्यभागी उभे आहेत आणि रमाबाई बाजूला. न्हाव्याकडून बंगाली शिकणारा न्यायाधीश त्यात ठळक दिसतो, त्याच पुस्तकावरून बंगाली शिकलेली बाई ओझरती. पतीच्या मृत्यूशी पुस्तक थांबते. तुरुंगाच्या भेटी, सेवासदन, परिषदा, मताधिकाराची चळवळ या पुढच्या तेवीस वर्षांविषयी त्यात काही नाही.