गिटार न वाजवणारा गिटारवाला : लिओ फेंडर
(द्वितीय वर्ष, कला)

लग्नसराईच्या दिवसांत खानदेशातल्या कोणत्याही गावी जा, वरातीपुढे चालणाऱ्या गाडीवर कर्णे बांधलेले असतात आणि बँजोवाल्याची बोटे बटणांवरून सरसर फिरत असतात. हाताएवढ्या त्या वाद्याचा आवाज साऱ्या गावाला ऐकू जातो. कसा बरे? बँजोच्या पोलादी तारांखाली एक लहानशी पट्टी बसवलेली असते. तिला पिकअप म्हणतात. तिच्यात लोहचुंबक असतो व त्याभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे दिलेले असतात. वरची तार थरथरली की चुंबकाच्या क्षेत्रात फरक पडतो, वेढ्यांत सूक्ष्म वीज निर्माण होते आणि ती वीज मोठी करून कर्ण्याला पुरवली जाते. ज्या तत्त्वावर आपल्या वरातीतला बँजो वाजतो, त्याच तत्त्वावर इलेक्ट्रिक गिटार वाजते. ही गिटार सामान्य वादकाच्या आवाक्यात आणण्याचे काम ज्या माणसाने केले, त्याचे नाव लिओ फेंडर. जगातल्या लक्षावधी गिटारींवर हे नाव लिहिलेले आहे. पण त्या नावामागचा माणूस फार थोड्यांना ठाऊक आहे. गंमत अशी, की या माणसाला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती!

क्लॅरेन्स लिओनायडस फेंडर याचा जन्म १० ऑगस्ट १९०९ रोजी अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात फुलर्टन-ॲनाहाइम या भागात झाला. आईवडील शेतकरी होते. आपल्याकडे जशा केळीच्या बागा, तशा त्या भागात संत्र्यांच्या बागा होत्या. आठव्या वर्षी लिओच्या डाव्या डोळ्यात गाठ झाली आणि तो डोळा काढावा लागला. त्या जागी काचेचा डोळा बसवला गेला व तो जन्मभर राहिला. एका डोळ्याच्या या मुलाला मामाने वेगळीच दृष्टी दिली, असे म्हटले तर वावगे होणार नाही. मामाचे मोटारींच्या विजेच्या दुरुस्तीचे दुकान होते. किशोरवयात लिओने मामाने बनवलेला रेडिओ पाहिला, त्यातून निघणारा मोठा आवाज ऐकला आणि त्याच्या मनाने त्या यंत्राचा ध्यास घेतला. शाळेत असतानाच तो घरच्या घरी रेडिओ दुरुस्त करू लागला.

१९२८ मध्ये शालेय शिक्षण संपल्यावर लिओने फुलर्टनच्या ज्युनिअर कॉलेजात नाव घातले. विषय कोणता घेतला? वीजशास्त्र नव्हे, यंत्रशास्त्रही नव्हे, तर हिशेबनिशी! अभियांत्रिकीचे पदवीपत्र त्याने कधीच मिळवले नाही. पुढे त्याने बर्फाच्या कंपनीत माल पोचवण्याचे व नंतर हिशेब लिहिण्याचे काम केले. १९३४ मध्ये एस्थर क्लोस्की हिच्याशी त्याचा विवाह झाला. मग राज्याच्या रस्ते खात्यात हिशेबनीस म्हणून काम मिळाले. पण ते महामंदीचे दिवस होते. ती नोकरी गेली. त्यानंतरची टायर कंपनीतली नोकरीही सहा महिन्यांत सुटली. घरात पत्नी, हातात काम नाही. अशा वेळी १९३८ मध्ये लिओने ६०० डॉलर कर्जाऊ घेतले व फुलर्टनमध्ये रेडिओ दुरुस्तीचे दुकान उघडले. नोकरी टिकली असती, तर कदाचित जगाला हा गिटारवाला मिळालाच नसता.

दुकानात रेडिओ येत, तसे गावोगाव नाचगाण्यांच्या कार्यक्रमांत वाजवणारे वादकही येत. कुणाचा ध्वनिवर्धक बिघडलेला, कुणाच्या गिटारीतली पट्टी बंद पडलेली. रोजच्या दुरुस्तीतून लिओला एक गोष्ट कळत गेली, की वादकाची खरी अडचण कुठे आहे. त्या काळच्या गिटारी आतून पोकळ असत. अशा गिटारीला विजेची जोड देऊन आवाज फार वाढवला, की कर्ण्यातून निघालेला आवाज पुन्हा पोकळ खोक्यात घुसे आणि शिट्टी सुरू होई. शिवाय ही वाद्ये म्हणजे कुशल कारागिरांची नाजूक कामगिरी होती. वरचे लाकूड कोरून कमानदार केलेले, मान सरसाने चिकटवलेली. मान वाकली की वाद्य कारागिराकडे पाठवा आणि तोवर कमाई बंद ठेवा!

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लिओची गाठ डॉक कॉफमन या वाद्य जाणणाऱ्या गृहस्थाशी पडली. १९४३ च्या सुमारास दोघांनी पिकअप तपासण्यासाठी एक भरीव लाकडाची ओबडधोबड गिटार बनवली. ती केवळ प्रयोगासाठी होती. पण वादक ती भाड्याने मागू लागले. लिओने या मागणीचा अर्थ ओळखला. १९४५ मध्ये दोघांनी कंपनी काढून मांडीवर आडवी ठेवून वाजवायच्या हवाईयन पद्धतीच्या गिटारी व त्यांचे ध्वनिवर्धक बनवण्यास आरंभ केला. पुढच्याच वर्षी कॉफमन वेगळे झाले आणि लिओने स्वतःच्या नावाची कंपनी सुरू केली. १९४८ मध्ये जॉर्ज फुलर्टन हा सहकारी त्याला येऊन मिळाला.

१९५० साली लिओची भरीव लाकडाची गिटार बाजारात आली. एका पिकअपची ती एस्क्वायर व दोन पिकअपची ती ब्रॉडकास्टर. भरीव गिटार बनवणारा लिओ पहिला नव्हे. लेस पॉल, पॉल बिग्सबी यांनी आधीच तसे प्रयत्न केले होते. लिओचे वेगळेपण होते ते साधेपणात. ॲश लाकडाची सपाट फळी, तिला करवतीने दिलेला आकार, मेपल लाकडाची अखंड मान, आणि ती मान धडाला चार स्क्रूंनी जोडलेली. ना कोरीवकाम, ना शिंपल्यांची नक्षी. मान खराब झाली तर चार स्क्रू काढा, दुसरी बसवा. आतली तार तुटली तर एक पत्रा उघडा, डाग द्या, पुन्हा वाजवा. संत्र्यांच्या गावातल्या कामगारांनी कारखान्यात बसून ती बनवावी व रात्रीच्या वादकाला ती परवडावी, असा सारा बेत होता. प्रस्थापित वाद्यव्यापाऱ्यांनी तिची चेष्टा केली. कुणाला ती नावेचे वल्हे वाटली, कुणाला बर्फ उपसायचे फावडे.

पण साधेपणालाही मर्यादा असते, हे लिओला याच वेळी शिकावे लागले. मेपलची मान कणखर असते, म्हणून तिच्या आत पोलादी सळई घालण्याची गरज नाही, असे त्याचे मत होते. पहिल्या काही गिटारी त्याने तशाच बनवल्या. तारांच्या ताणाने माना वाकू लागल्या. विक्रीचे काम पाहणाऱ्या डॉन रँडल यांनी आग्रह धरला आणि अखेर लिओने मानेत सळई घातली. नक्षी वगळता येते, सळई वगळता येत नाही! स्वस्त वस्तू आणि कमअस्सल वस्तू यांतला फरक या एका प्रसंगात सामावलेला आहे.

ब्रॉडकास्टर या नावाचीही एक कथा आहे. ग्रेच या कंपनीचे ढोल जवळपास त्याच नावाने विकले जात. १९५१ च्या आरंभी त्या कंपनीने हरकत घेतली. छापलेल्या नावपट्ट्या तर तयार होत्या. लिओने त्या फेकल्या नाहीत, पुढचा शब्द कातरून टाकला व फक्त फेंडर एवढेच नाव ठेवून गिटारी विकल्या. काही महिन्यांनी टेलिकास्टर हे नवे नाव आले. त्याच १९५१ मध्ये लिओने प्रिसिजन बास बनवला व माणसाच्या उंचीचे अवजड वाद्य ओढत नेणाऱ्या बासवादकांची सुटका केली. १९५४ मध्ये स्ट्रॅटोकास्टर आली. टेलिकास्टरच्या कडा बरगड्यांना टोचतात, अशी बिल कार्सन यांच्यासारख्या वादकांची तक्रार होती. म्हणून नव्या गिटारीचे अंग घासून गोलाईदार केले गेले. लिओला स्वतः वाजवता येत नव्हते, सूर लावताही येत नव्हता. म्हणूनच की काय, तो वाजवणाऱ्याचे म्हणणे कान देऊन ऐके. आपल्याला येत नाही ही जाणीव त्याच्या बाबतीत उणीव न राहता भांडवल ठरली.

आता एक प्रश्न उभा राहिला. कामकऱ्याची म्हणून जन्मलेली गिटारच नामांकित झाली. हलणाऱ्या पट्टीसह स्ट्रॅटोकास्टरची किंमत २४९ डॉलर ५० सेंट होती. मग शिकणाऱ्या पोराने काय करावे? प्रतिस्पर्धी गिब्सन कंपनीनेही हाच विचार केला होता. तिची १९५२ ची लेस पॉल ही गिटार कमानदार, सोनेरी व महागडी होती. १९५४ मध्ये तिने लेस पॉल ज्युनिअर काढली. महोगनीची सपाट फळी, एकच पिकअप, आवाजाचे एक व सुराच्या पोताचे एक बटण, आणि किंमत शंभर डॉलरच्या आत. लिओने १९५६ मध्ये म्युझिकमास्टर व ड्युओ-सोनिक या विद्यार्थ्यांच्या गिटारी आणल्या. पहिलीत एक पिकअप, दुसरीत दोन. तारेची लांबी साडेपंचवीस इंचांऐवजी साडेबावीस इंच, म्हणजे लहान हातांना सोयीची. कारखाना तोच, मान जोडण्याची पद्धत तीच. जगप्रसिद्ध जिमी हेंड्रिक्स नावारूपाला येण्यापूर्वी काही काळ ड्युओ-सोनिकच वाजवत असे. गिब्सनची ती ज्युनिअरही पुढे मोठमोठ्या वादकांनी हौसेने हाती धरली. विद्यार्थ्यांसाठी काढलेल्या वस्तूत खोट नव्हती, फक्त खर्चिक सजावट नव्हती, हेच त्यावरून दिसते.

इतके यश मिळूनही लिओ सुखी होता असे नाही. १९५० नंतरच्या दशकात त्याला नाकाजवळच्या पोकळ्यांचा चिवट जंतुसंसर्ग जडला. औषधे चालेनात, प्रकृती खालावत गेली. आपण आता फार दिवस जगत नाही, अशी त्याची समजूत झाली. १९६५ च्या जानेवारीत त्याने आपली कंपनी सीबीएस या बड्या उद्योगाला १ कोटी ३० लाख डॉलरना विकून टाकली. आणि नियतीचा खेळ पाहा! विक्रीनंतर डॉक्टर बदलला आणि लिओ खडखडीत बरा झाला. पण आता त्याचे स्वतःचे नाव त्याचे राहिले नव्हते. फेंडर हे नाव लिहिलेली गिटार बनवण्याचा हक्क खुद्द फेंडरला नव्हता.

इकडे नव्या मालकांच्या हाती १९७० नंतरच्या दशकात त्या गिटारींचा दर्जा घसरला. नाव तेच, आकार तोच. पण जाणकार वादक १९६५ पूर्वीच्या जुन्या गिटारी शोधू लागले. १९८२ मध्ये कंपनीने जपानमध्ये स्क्वायर या दुय्यम नावाने स्वस्त गिटारी बनवून घेतल्या. त्यांतल्या सुरुवातीच्या गिटारी इतक्या नेटक्या निघाल्या, की मूळ नावाच्या महाग गिटारींनाच लाज वाटावी! १९८५ मध्ये बिल शुल्झ व त्यांच्या सहकाऱ्यांनी कंपनी विकत घेतली आणि मग तिची घडी पुन्हा बसली.

लिओ मात्र हळहळत बसला नाही. त्याने म्युझिक मॅन या कंपनीसाठी नवी वाद्ये रचली. तिथला १९७६ चा स्टिंगरे बास आजही वाखाणला जातो. १९७९ मध्ये पत्नी एस्थर निवर्तली. त्याच सुमारास, वयाच्या सत्तरीत, जॉर्ज फुलर्टनबरोबर त्याने पुन्हा नव्याने कारखाना उभारला. जी अँड एल हे त्याचे नाव म्हणजे जॉर्ज आणि लिओ या दोन नावांची आद्याक्षरे. १९८० मध्ये त्याने दुसरा विवाह केला. पुढे कंपवाताने हात थरथरू लागले, तरी कार्यशाळेत जाणे त्याने सोडले नाही. २१ मार्च १९९१ रोजी, वयाच्या ८१ व्या वर्षी, फुलर्टन येथे तो कालवश झाला. १९९२ मध्ये रॉक अँड रोल संगीताच्या कीर्तिमंदिरात त्याचे नाव दाखल करण्यात आले.

आज आपल्या जामनेर-जळगावकडचा एखादा विद्यार्थी इलेक्ट्रिक गिटार घ्यावी म्हणून पैसे साठवतो. त्याच्या घरी कदाचित आजवर कुणी गिटार पाहिलेलीही नसेल. चकचकीत रंग आणि बटणांची गर्दी पाहून त्याचे मन पटकन मोहते. किंवा मोठे नाव आपल्याला परवडत नाही म्हणून तो खट्टू होतो. त्याने लिओचे चरित्र आठवावे. चीन व इंडोनेशियात बनणाऱ्या स्क्वायरच्या साध्या गिटारी आज मिळतात, इतरही कंपन्यांच्या मिळतात. नावापाशी न थांबता मान सरळ आहे का, आत सळई आहे का, पडद्यांची टोके बोटाला टोचतात का, खुंट्या सूर धरून ठेवतात का, एवढे आधी पाहावे. एक पिकअप असला तरी हरकत नाही, तो स्वच्छ बोलला पाहिजे. ध्वनिवर्धकाचे पैसे बाजूला काढून मगच गिटारीची किंमत ठरवावी, कारण त्याच्याविना ती जवळजवळ मुकीच. आणि उरलेला वेळ रियाजाला द्यावा.

मित्रहो, काय वगळायचे हे ठरवण्यापेक्षा काय वगळायचे नाही हे ठरवणे अवघड असते. लिओने नक्षी वगळली, कमान वगळली, सरस वगळला. सळई तेवढी, उशिरा का होईना, आत ठेवली. बेताच्या पैशांत शिकणाऱ्या, पुस्तके जपून घेणाऱ्या आपल्यासारख्यांना हा हिशेब परका नाही. साध्या वस्तूत कमीपणा नसतो, मात्र तिचा कणा मजबूत असावा लागतो. एका डोळ्याच्या या हिशेबनिसाने एवढे एक तत्त्व धरून अर्ध्या शतकाहून अधिक काळ वादकांची सेवा केली, आणि त्याने बनवलेल्या त्या सपाट फळीतून आजही सूर उमटत आहेत.