हाडांचा जमाखर्च मांडणारा डॉक्टर

पूर्णेवरचे सिद्धेश्वर धरण हिंगोली-परभणीच्या माणसाला नवे नाही. सुट्टीच्या दिवशी मुलाबाळांना घेऊन पाणी बघायला जाणारी कुटुंबे पुष्कळ. पाण्याकडे सगळेच पाहतात; नद्यांनी हजारो वर्षे काठाकाठाने रचलेल्या गाळाच्या थरांकडे मात्र सहसा कोणाचे लक्ष जात नाही. ही पूर्णा पुढे गोदावरीला मिळते, आणि गोदावरीच्या खोऱ्यातल्या अशाच थरांतून दगड झालेली हाडे निघालेली आहेत. १९०५ साली जी. ई. पिलग्रिम या भूवैज्ञानिकाने गोदावरीच्या गाळातल्या एका नामशेष हत्तीची माहिती प्रसिद्ध केली. लातूर जिल्ह्यात मांजरेच्या काठी पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या संशोधकांना हत्ती आणि पाणघोड्यांचे अवशेष मिळाले. पिलग्रिमला आपला हत्ती ओळखता आला, कारण त्या जातीचे बारसे साठ वर्षांपूर्वीच, नर्मदेच्या नावावरून, झालेले होते. ते बारसे करणाऱ्या दोघांपैकी एक म्हणजे डॉ. ह्यू फाल्कनर.

फाल्कनरचा जन्म २९ फेब्रुवारी १८०८चा, स्कॉटलंडमधल्या फॉरेस गावचा. वाढदिवस चार वर्षांतून एकदा! एडिंबरोला डॉक्टरकी संपवून १८३० साली तो ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत कलकत्त्याला आला आणि दोन वर्षांत सहारनपूरच्या सरकारी बागेचा प्रमुख झाला. हुद्दा डॉक्टरचा, काम झाडांचे आणि ओढ हाडांची, असा हा विलक्षण मामला होता.

सहारनपूरच्या उत्तरेला शिवालिकच्या टेकड्या. तिथे कालव्यांचे काम पाहणारा प्रोबी कॉटली हा लष्करी अधिकारी त्याचा जोडीदार बनला. फिरोजशहा तुघलकाच्या काळात कालवा खणताना राक्षसी हाडे निघाल्याची हकिकत फरिश्त्याच्या बखरीत फाल्कनरने वाचली होती. टेकड्यांतले लोकही अशा हाडांना विजेची हाडे म्हणत. लोक ज्याला दंतकथा म्हणून सोडून देतात, तिथे याने कुदळ लावली. नाहनजवळ १८३४च्या नोव्हेंबरात एका दिवशी सहा तासांत त्याला तीनशेहून अधिक नमुने मिळाले.

हाडे मिळाली, पण ओळखायची कशी? जवळ संग्रहालय नाही, पुरेसे ग्रंथ नाहीत. मग या दोघांनी वाघ, म्हैस, हरीण, मगर अशा हयात प्राण्यांचे सांगाडे स्वतः तयार केले आणि दगडातले हाड त्यांच्याशी ताडून पाहिले. बँकेत व्हाउचर आणि खतावणी जुळवावी तसेच हे काम. फरक इतकाच, की इथे शिल्लक लाखो वर्षांपूर्वीची होती.

त्या जमाखर्चात मांसभक्षकांच्या नोंदी फार थोड्या असतात. एका वाघाच्या पोटामागे शेकडो हरणे रानात असावी लागतात. म्हणून हत्ती, गवे, घोडे यांची हाडे ढिगाने सापडतात आणि शिकाऱ्याचा एखादा जबडा, एखादा सुळा. फाल्कनर आणि कॉटली यांनी अशा तुकड्यांतून प्राचीन अस्वल ओळखले, मोठे मार्जार ओळखले. त्यांची वर्णने १८३६ साली छापली. तरस आणि मोठ्या अंगाचे पाणमांजरही त्यांच्या संग्रहात होते. सर्वांत नवलाचा होता खड्गदंती मार्जार. त्याचे वरचे सुळे लांब आणि चपटे, कट्यारीच्या पात्यासारखे. आजच्या कोणत्याही वाघा-बिबट्याला तसे सुळे नाहीत. १८३७ साली लंडनच्या भूविज्ञान संस्थेने दोघांना वोलस्टन पदक दिले, तेव्हा फाल्कनरने तिशीही गाठली नव्हती.

१८४२ साली प्रकृती ढासळली. तो मायदेशी निघाला तेव्हा सोबत पाच टन हाडांच्या अठ्ठेचाळीस पेट्या होत्या. ब्रिटिश म्युझियममध्ये बसून त्याने शिवालिकच्या प्राण्यांचा सचित्र ग्रंथ काढायला घेतला. काही भाग निघाले. पण १८४८ साली कलकत्त्याच्या बागेची जबाबदारी आली आणि ग्रंथ अपुराच राहिला. पूर्ण खात्री पटेपर्यंत लिहायचे नाही, हा त्याचा बाणा. टिपणे साठत गेली, छपाई लांबत गेली. दरम्यान १८५३ साली पोमेल या फ्रेंच शास्त्रज्ञाने शिवालिकच्या खड्गदंताला नाव दिले, तेही फाल्कनरचेच. मेगॅन्टेरिऑन फाल्कनेरी!

निवृत्तीनंतरही पायाला भिंगरी होतीच. १८६४ साली जिब्राल्टरच्या गुहा पाहून तो परतला आणि ३१ जानेवारी १८६५ला लंडनमध्ये वारला. वय सत्तावन्नही पुरे नव्हते. त्याची टिपणे डॉ. चार्ल्स मर्चिसन या मित्राने निगुतीने लावली आणि १८६८ साली दोन खंडांत छापली. पेट्यांतली हाडे तेव्हा कुठे बोलू लागली. सारी मात्र नव्हेच. १८८० साली प्रमथनाथ बोस या पंचविशीच्या बंगाली तरुणाने ब्रिटिश म्युझियममधल्या, वर्णनावाचून पडून राहिलेल्या शिवालिक मांसभक्षकांवर निबंध लिहिला. हेच बोस पुढे मयूरभंजच्या लोहखनिजामुळे टाटांच्या पोलाद कारखान्याशी जोडले गेले.

फाल्कनरच्या आयुष्याचा हिशेब असा दुहेरी आहे. नीट पारखले म्हणून त्याचे काम टिकले. वेळेवर लिहिले नाही म्हणून त्यातले कितीतरी इतरांना पुरे करावे लागले. सस्पेन्स खात्यात पडलेली रक्कम वर्षानुवर्षे कोणाचीच नसते, तसे नोंद नसलेले हाड असते.

आपल्या नद्यांतले जीवाश्म शिवालिकच्या मानाने पुष्कळ अलीकडचे. त्यांत खड्गदंताची आशा धरू नये. पण हत्ती आणि पाणघोडे जिथे चरले, तिथे त्यांच्या मागावर शिकारीही असणारच. वाळू उपसताना, विहीर खणताना त्यांचा एखादा सुळा वर येतो आणि खडीत मिसळून जातो. शेतात वा नदीकाठी वजनदार, दगडासारखे हाड दिसले तर ते उपटू नये, फोडू नये. जागेची खूण करावी, फोटो काढावा आणि जवळच्या महाविद्यालयातल्या भूगोलाच्या किंवा भूशास्त्राच्या प्राध्यापकांना दाखवावा. कोणत्या थरात सापडले हे कळले, तरच त्या हाडाचे वय सांगता येते. घरी आणून फडताळात ठेवलेले हाड मुके होते.