‘ढ’ म्हणण्याआधी…

पालकसभेतून परत येणाऱ्या आईचा उतरलेला चेहरा आपण सगळ्यांनीच कधी ना कधी पाहिलेला असतो. तिसरीतल्या मुलाला अजून जोडाक्षरं वाचता येत नाहीत. फळ्यावरचं वहीत उतरवताना निम्मं राहून जातं. बाईंनी काही विचारलं की तोंडातून शब्दच फुटत नाही. मग कुणी म्हणतं आळशी आहे, कुणी म्हणतं लाडावून ठेवलाय, तर कुणी सरळ ‘ढ’ म्हणून मोकळं होतं. घरातली वडीलधारी माणसं सांगतात, त्याचे बाबासुद्धा उशिराच बोलायला लागले होते, होईल सगळं नीट. या गलक्यात एक साधा प्रश्न विचारायचा राहूनच जातो. या मुलाचं नेमकं कुठे अडतंय, हे कुणी त्याच्यासमोर शांतपणे बसून पाहिलंय का?

शंभराहून अधिक वर्षांपूर्वी पॅरिसमधल्या एका माणसाने हाच प्रश्न धसाला लावला. त्याचं नाव आल्फ्रेड बिने. बुद्धीच्या चाचणीचा जनक म्हणून त्याचं नाव आपल्याकडे बीएड, डीएडच्या पुस्तकांत असतं. परीक्षेपुरतं आपण ते पाठही करतो. पण हा माणूस कोण होता, त्याने हे कशासाठी केलं आणि पुढे त्याच्या कामाचं काय झालं, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही.

बिनेचा जन्म १८५७ सालचा, नीस या समुद्रकाठच्या गावातला. वडील डॉक्टर, आई चित्रकार. दोघांचं पटलं नाही आणि ते वेगळे झाले. हा एकुलता एक मुलगा आईजवळ वाढला, तिच्याबरोबर शिकायला पॅरिसला आला. वडिलांनी पोराचा भित्रेपणा घालवायचा म्हणून त्याला प्रेताला हात लावायला लावला होता, असं सांगतात. भीती गेली तर नाहीच, उलट मनात कायमची बसली. शिक्षणही काही सरळ रेषेत झालं नाही. १८७८ मध्ये कायद्याची पदवी घेतली, पण वकिलीत मन रमेना. डॉक्टरकी शिकायला घेतली, तीही अर्ध्यावर सुटली. मन पार खचलं. घरची सुबत्ता होती म्हणून निभावलं. पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात बसून तो एकट्याने मानसशास्त्राची पुस्तकं वाचू लागला आणि तिथेच त्याला आपली वाट सापडली. पुढे जगभरातल्या मुलांची परीक्षा ज्याच्या नावाने घेतली गेली, त्याने स्वतः हा विषय कुठल्याही वर्गात रीतसर शिकलेला नव्हता!

सुरुवातही ठेच लागूनच झाली. पॅरिसच्या सालपेत्रिएर रुग्णालयात शार्को नावाच्या बड्या डॉक्टरांच्या हाताखाली तो संमोहनाचे प्रयोग करू लागला. लोहचुंबक फिरवला की रुग्णाच्या शरीरातली लक्षणं एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला जातात, असं त्याने आणि त्याच्या सहकाऱ्याने छापून टाकलं. बेल्जियमच्या एका अभ्यासकाने त्यातली चूक दाखवून दिली. रुग्णासमोरच सगळं बोललं जात होतं, त्यामुळे आपल्याकडून काय अपेक्षा आहे हे त्याला आधीच कळत होतं आणि तो तसं वागत होता. बिनेने आधी वाद घातला. पण शेवटी चूक जाहीरपणे कबूल केली आणि ते रुग्णालय सोडलं. नामुष्की मोठी होती. पण त्यातून तो एक धडा कायमचा शिकला. समोरच्या माणसाच्या मनात काय आहे, याचा परिणाम परीक्षा देणाऱ्यावर होतोच.

त्याच्या कामाला खरं वळण मिळालं ते घरात. १८८४ मध्ये त्याचं लॉर हिच्याशी लग्न झालं. पाठोपाठ दोन मुली झाल्या, मादलेन आणि अलीस. बापाने घरालाच प्रयोगशाळा केलं. सोंगट्यांचे दोन ढीग करून कुठला मोठा ते विचारायचं, सुरी म्हणजे काय ते विचारायचं आणि मुलगी काय करते ते टिपून ठेवायचं. सुरी म्हणजे काय, तर कापायची ती. लहान मूल वस्तूची ओळख तिच्या उपयोगावरून सांगतं, हे त्याच्या लक्षात आलं. आणखी एक गोष्ट दिसली. मादलेन प्रत्येक काम जपून, नीट बघून करायची. अलीस कल्पनेत रमायची, तिचं लक्ष भिरभिरायचं. एकाच घरातल्या, एकाच आईबापांच्या दोन मुली, पण विचार करायची रीत अगदी वेगळी. त्यात कोण हुशार आणि कोण मठ्ठ, असा हिशेब लागतच नव्हता. दोन लेकरांच्या आईला हे वेगळं सांगायला नकोच!

पुढे सोरबॉन विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत तो बिनपगारी काम करू लागला आणि तिचा संचालक झाला. त्या काळी डोक्याचा आकार मोजून बुद्धी कळते, असं मोठमोठे विद्वान मानत. बिनेनेही शाळांत जाऊन मुलांच्या डोक्यांची मापं घेतली. हुशार आणि कच्च्या मुलांत फरक निघाला तो नगण्य. शिवाय, कच्चं म्हणून सांगितलेल्या मुलाचं माप घेताना आपल्याच हातून नकळत कमी धरलं जातं की काय, अशी शंका त्याला आली. त्याने ती लपवली नाही, छापून टाकली, आणि तो मार्ग सोडून दिला.

तेवढ्यात फ्रान्समध्ये एक नवा पेच उभा राहिला होता. १८८२ च्या कायद्याने सहा ते तेरा वर्षांच्या सगळ्या मुलांना शिक्षण सक्तीचं झालं. जी मुलं आधी शाळेत येतच नव्हती तीही वर्गात बसू लागली. त्यातली काही मागे पडू लागली. त्यांचं करायचं काय? कुणी म्हणे यांना वेड्यांच्या इस्पितळाला जोडलेल्या संस्थेत पाठवा. निवड कोण करणार? तर वर्गशिक्षक किंवा डॉक्टर, आपापल्या अंदाजाने. एकाच मुलाला एक डॉक्टर एक नाव देई, दुसरा दुसरंच. खोडकर मूल नको असलं की शिक्षकही त्याला यादीत घालून मोकळे होत. त्या एका शिक्क्यावर मुलाचं सारं आयुष्य ठरणार होतं.

१९०४ मध्ये सरकारने यासाठी समिती नेमली आणि बिने तिच्यात होता. नीट तपासणी झाल्याशिवाय कुठल्याही मुलाला नेहमीच्या शाळेतून काढायचं नाही, हे ठरलं. पण तपासणी करायची कशी, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. ते काम बिने आणि त्याचा तरुण डॉक्टर सहकारी तेओदोर सिमों यांनी अंगावर घेतलं. १९०५ मध्ये त्यांची पहिली चाचणी तयार झाली. त्यात सोप्याकडून अवघडाकडे जाणाऱ्या तीस गोष्टी होत्या. पेटती काडी हलवली तर मूल नजरेने पाठलाग करतं का? चॉकलेट आणि लाकडाचा तुकडा यातलं खायचं कुठलं ते कळतं का? तीन आकडे ऐकून पुन्हा म्हणता येतात का? माशी आणि फुलपाखरू यांत फरक काय? दिलेले तीन शब्द घालून वाक्य करता येतं का?

यात वाचायचं-लिहायचं जवळपास काही नव्हतं, आणि ते मुद्दामच. ज्याला कुणी धड शिकवलंच नाही, त्याला त्याची शिक्षा होऊ नये म्हणून. परीक्षा घ्यायची ती शांत खोलीत, हसऱ्या चेहऱ्याने, मुलाला धीर देत. उत्तर मात्र सुचवायचं नाही. सालपेत्रिएरमधली ठेच इथे कामी आली.

१९०८ मध्ये त्यांनी या चाचणीची तीन ते तेरा वर्षं अशी वयवार मांडणी केली. तीन वर्षांच्या मुलाने नाक, डोळे, तोंड दाखवायचं. चार वर्षांच्याने किल्ली, सुरी, नाणं यांची नावं सांगायची. अशाने मूल आपल्या वयाच्या किती मागे किंवा पुढे आहे, ते कळे. पण हे माप म्हणजे काही वजनकाट्यावरचं वजन नव्हे, हे बिने बजावून सांगत राहिला. सधन घरातल्या मुलांना, विशेषतः भाषेच्या प्रश्नांत, फायदा मिळतो हेही त्याने मान्य केलं. बुद्धी जन्माला येताना ठरते आणि मग त्यात फरक पडत नाही, या निराश विचाराची त्याला मनापासून चीड होती. १९०९ च्या आपल्या पुस्तकात त्याने त्यावर कडक टीका केली.

आणि नुसती टीका करून तो थांबला नाही. पॅरिसच्या एका गरीब वस्तीतल्या शाळेत त्याने १९०५ मध्येच प्रयोगशाळा उघडली होती. मागे पडणाऱ्या मुलांसाठी खास वर्ग सुरू करण्यातही त्याने पुढाकार घेतला. तिथे पहिला धडा पुस्तकाचा नव्हता. आधी पुतळ्यासारखं स्तब्ध उभं राहायचा खेळ. मग एका तक्त्यावरच्या वस्तू काही सेकंद पाहून आठवायचा खेळ. जे मूल घटकाभर स्थिर बसू शकत नाही, त्याला गणित शिकवून काय उपयोग? आधी लक्ष द्यायला, ऐकायला शिकवा, मग विषय. मुलांची नजर आणि कान शाळेतच तपासा, असाही त्याचा आग्रह होता. वर्गात नुसतं बसून राहणारं मूल ढ नसेल, त्याला फळा दिसतच नसेल.

१९११ च्या ऑक्टोबरमध्ये, चाचणीची तिसरी आवृत्ती काढून काही महिने होतात तोच, बिने गेला. वय अवघं चोपन्न.

यापुढची गोष्ट वाचताना वाईट वाटतं. त्याच्या मागे लगेचच, १९१२ मध्ये, जर्मनीत त्या वयाच्या हिशेबाचा एक आकडा केला गेला. तोच आपला आयक्यू. अमेरिकेत ही चाचणी गेली आणि तिचा अर्थच पालटला. बिनेने जी मदतीसाठी केली, ती तिथे माणसं वगळण्यासाठी वापरली जाऊ लागली. बोटीतून उतरलेल्या, इंग्रजी न येणाऱ्या परदेशी लोकांना तिच्या आधारे मंदबुद्धी ठरवलं गेलं. १९२७ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने असा शिक्का बसलेल्या एका तरुणीच्या सक्तीच्या नसबंदीला मान्यता दिली. सुरी तीच. भाजी चिरायची की कुणाला इजा करायची, ते धरणाऱ्या हातावर असतं.

आपल्याकडे मात्र या कामाचं एक चांगलं रोपटं रुजलं. डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी मुंबई-कर्नाटक भागातल्या मुलांसाठी बिनेची चाचणी मराठी आणि कानडीत बसवली. १९४० मध्ये त्यांचं त्यावरचं पुस्तक निघालं. बिने-कामत चाचणी म्हणून ती पुढे कित्येक दशकं आपल्या दवाखान्यांत वापरली गेली. परक्या देशातले प्रश्न आपल्या मुलाला विचारून त्याला नापास करायचं नाही, हा बिनेचाच विचार त्यामागे होता.

आता थोडं आपल्याबद्दल. तारे जमीन पर हा सिनेमा २००७ मध्ये आला तेव्हा थिएटरात आपण सगळ्याच रडलो. पण घरी येऊन आपल्या मुलाची वही वेगळ्या नजरेने किती जणींनी उघडली? मूल वयाच्या मानाने उशिरा बोलत असेल, सांगितलेलं त्याला कळत नसेल, अक्षरं सारखी उलटसुलट होत असतील तर थांबू नका. आधी कान आणि डोळे तपासून घ्या. मग वाचा-उपचारतज्ज्ञ आणि मानसशास्त्रज्ञ. तालुक्याच्या गावात हे कुठे मिळणार, असं वाटतं खरं. पण २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीत आणि सरकारी शाळेत मुलांची मोफत तपासणी होते आणि गरज असेल तर पुढे जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवतात. पथक येईल त्या दिवशी आपली शंका बोलून दाखवा, संकोच करू नका. अध्ययन अक्षमतेला २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात जागा मिळाली आहे. रीतसर प्रमाणपत्र असेल तर दहावी-बारावीला जादा वेळ, लेखनिक अशा सवलतीही मिळतात.

आणि तपासणीचा कागद हातात आला की त्यावरचा आकडा पाहून डोळ्यांत पाणी आणू नका. तपासणाऱ्यांना एवढंच विचारा, याला काय जमतं, कुठे अडतं आणि उद्यापासून मी घरी काय करू? याचं उत्तर मिळालं तर ती तपासणी उपयोगाची. नुसता शिक्का मिळाला तर दुसऱ्या कुणाला तरी दाखवा.

दोन लेकींसमोर सोंगट्या मांडून बसलेला तो बाप आठवा. समोर बसायचं, बघायचं, थांबायचं. त्याने जे केलं त्याची सुरुवात तिथेच झाली होती. आणि तेवढं तर आपल्या स्वयंपाकघराच्या ओट्यापाशीही जमण्यासारखं आहे.