राजकुमारी अमृत कौर : परिचारिकांची कैवारी

सरकारी दवाखान्याच्या बाह्यरुग्ण विभागात आपण कधी तरी बाकावर बसून वाट पाहिली असेल. डॉक्टरांची भेट दोन मिनिटांची. पण त्याआधी केसपेपर पाहणारी, ताप मोजणारी, जखम धुऊन पट्टी बांधणारी, घाबरलेल्या बाळंतिणीस धीर देणारी असते ती परिचारिका. तिच्या या कामास विद्येचा व कायद्याचा मान मिळावा म्हणून झटलेल्या एका स्त्रीचे चरित्र आज आपणांपुढे ठेवीत आहोत.

राजकुमारी अमृत कौर लखनौला जन्मल्या. वडील राजा हरनाम सिंग कपूरथळ्याच्या राजघराण्यातले. त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता व ते कपूरथळ्याबाहेर स्थायिक झाले होते. आई प्रिसिला या जालंधर येथील बंगाली मिशनरी रेव्ह. गोलकनाथ यांच्या कन्या. अमृत कौर यांचे शिक्षण इंग्लंडमध्ये झाले. मायदेशी परतल्यावर वडिलांकडे येणाऱ्या गोपाळ कृष्ण गोखले यांच्या सहवासात त्यांच्या मनात देशसेवेचे बीज रुजले. १९२७ साली अखिल भारतीय महिला परिषदेच्या स्थापनेत त्यांचा वाटा होता. पुढे राजवाड्यातील सुखे सोडून त्या गांधीजींच्या सचिव झाल्या आणि वर्ध्याजवळच्या सेवाग्रामात राहू लागल्या. त्याच आश्रमात गांधीजी कुष्ठरोगी परचुरे शास्त्री यांची शुश्रूषा स्वतःच्या हातांनी करीत. रोग्याची सेवा हे हलके काम नव्हे, याचा याहून मोठा धडा कोणता असणार? १९४२ च्या आंदोलनात अमृत कौर यांनी कारावासही भोगला.

१९४७ साली स्वतंत्र भारताच्या पहिल्या मंत्रिमंडळात त्या आरोग्यमंत्री झाल्या. त्या मंडळातील त्या एकमेव स्त्री. समोरचे चित्र कसे होते पाहा. भोर समितीच्या १९४६ च्या अहवालानुसार ब्रिटिश हिंदुस्थानात ४३,००० लोकांमागे एकच परिचारिका होती. मुली या कामाकडे वळत नसत, कारण परक्याच्या देहाची मलमूत्रासह सेवा करणे अनेक घरांत कमीपणाचे मानले जाई. आपल्या मिरज, जालना, अहमदनगर येथील मिशन रुग्णालयांतून ख्रिस्ती मुली हे काम करीत होत्या. तरी त्यांच्या वाट्याला कौतुकापेक्षा उपेक्षाच अधिक आली, हे आपल्या वडीलधाऱ्यांना ठाऊक आहे.

अमृत कौर यांच्या कारकिर्दीत हे चित्र बदलू लागले. १९४७ मध्येच भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा झाला. शिक्षणाचा दर्जा देशभर एकसारखा राहावा, हा त्याचा हेतू. दिल्लीत १९४६ साली नर्सिंगचे महाविद्यालय सुरू होऊन परिचर्येत पदवी मिळू लागली होती. तेच महाविद्यालय आज त्यांच्या नावाने ओळखले जाते. परंतु पदवीधर परिचारिका खेड्यापर्यंत कधी पोहोचणार? म्हणून १९५१ साली पंजाबातील सेंट मेरी रुग्णालयात सहायक परिचारिका-प्रसाविकेचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम सुरू झाला. आज उपकेंद्रात लस टोचणारी व गरोदर मातेची तपासणी करणारी जी 'नर्सबाई' आपण पाहतो, तिची परंपरा तेथून आहे.

त्यांचे सर्वच निर्णय फळाला आले असे नव्हे. कुटुंबनियोजनात त्यांनी नैसर्गिक पद्धतीवरच भर दिला. दिल्लीच्या लोदी कॉलनीत तिचा प्रयोग झाला, पण यश थोडे आले. थोर माणसांच्या मर्यादाही जाणून घ्याव्यात. त्यामुळे त्यांच्या कार्याचे मोल कमी होत नाही.

१९५० साली जागतिक आरोग्य सभेच्या अध्यक्षपदी त्यांची निवड झाली. हा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला. १९५६ साली संसदेने कायदा केला आणि दिल्लीची अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था, म्हणजे आपले 'एम्स', उभी राहिली. तिच्यासाठी त्यांनी परदेशांतून साहाय्य मिळवले. त्यात न्यूझीलंडचा वाटा मोठा होता. संस्थेच्या पहिल्या अध्यक्षाही त्याच.

आणि आता, वाचकहो, एक लहानशी गोष्ट. सिमल्यास त्यांचे वडिलोपार्जित घर होते, 'मॅनोरव्हिल'. गांधीजी तेथे उतरत. ते घर त्यांनी या संस्थेला देऊन टाकले, कशासाठी? तेथील डॉक्टरांना आणि परिचारिकांना सुट्टीत विसावा मिळावा म्हणून. कायदे करणारे पुष्कळ असतात. पण दिवसभर उभे राहून परिचारिकेचे पाय दुखतात, याची आठवण ठेवणारे थोडे.

१९६४ साली त्यांचे देहावसान झाले. पुढच्या वेळी दवाखान्यात रांग लांबली आणि सिस्टरचा आवाज किंचित चढला, तर रागावण्यापूर्वी घटकाभर थांबा. सकाळपासून ती किती जणांपुढे वाकली असेल, याचा विचार करा. जाताना तिला दोन गोड शब्द बोलून पाहा. राजकुमारींनी तिच्यासाठी आपले घर दिले. आपणांस एवढे तरी देता येईल ना?