अल्सेशियनची चाल ठरवणारा घोडदळाचा कॅप्टन

पोलिसांच्या श्वानपथकात किंवा एखाद्या बंगल्याच्या फाटकाआड दिसणाऱ्या त्या रुबाबदार कुत्र्याला आपण सर्रास अल्सेशियन म्हणतो. त्याचं खरं नाव जर्मन शेफर्ड. पहिल्या महायुद्धानंतर 'जर्मन' म्हटलं की इंग्रजांच्या कपाळाला आठ्या पडायच्या, म्हणून त्यांनी हे दुसरं नाव काढलं आणि त्यांच्याकडून ते आपल्याकडे आलं. पण या जातीला घडवलं ते मॅक्स फॉन श्टेफानिट्झ या माणसाने.

१८६४ साली ड्रेस्डेनमध्ये जन्मलेला श्टेफानिट्झ जर्मन घोडदळात अधिकारी होता. काही काळ बर्लिनच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात काम केल्यामुळे हाडं, सांधे आणि स्नायू यांचं गणित त्याला नीट समजलं होतं. घोडा पारखणारी ही नजर पुढे कुत्र्यांवर वळली.

३ एप्रिल १८९९ रोजी कार्ल्सरूहेच्या प्रदर्शनात त्याने हेक्टर नावाचा एक मेंढपाळी कुत्रा पाहिला. लगेच विकत घेतला, त्याचं नाव होरांड ठेवलं आणि त्याच महिन्याच्या २२ तारखेला जर्मन शेफर्डची संस्था काढली. अध्यक्ष तो स्वतः आणि वंशनोंदीत पहिला क्रमांक होरांडचा!

श्टेफानिट्झला सुंदर कुत्रा नको होता, कामाचा हवा होता. जर्मनीत मेंढरं चरायची ती बिनकुंपणाच्या पिकांमधल्या पट्ट्यांवर. कुत्र्याने दिवसभर कडेने ये-जा करत जिवंत कुंपण व्हायचं. एवढं अंतर चौखूर धावून कापता येत नाही, त्यासाठी दुडकी चाल लागते. म्हणून कुत्रा पारखायचा तो दुडक्या चालीत. या चालीत समोरासमोरचे तिरपे पाय जोडीने पडतात. खांदा तिरका बसलेला असेल तर पुढचा पाय लांब पोचतो, मागच्या मांड्या भक्कम असतील तर रेटा मिळतो आणि पाठ ताठ असेल तरच तो रेटा पुढे पोचतो. पाठ हिंदकळली की ताकद वाया गेली. अंगावर चरबी चढलेला किंवा स्नायू सैल पडलेला कुत्रा उभा असताना झकास दिसेलही, पण काही फेऱ्यांत उघडा पडतो. त्यामुळेच या जातीच्या प्रदर्शनांत कुत्र्यांना आजही बराच वेळ पळवतात.

कारखाने वाढले, मेंढरं कमी झाली, तेव्हा या कुत्र्यांना पोलीस आणि लष्करात काम मिळवून देण्यासाठी त्यानेच खटपट केली. पहिल्या महायुद्धात ते निरोप पोचवत, जखमींना शोधत फिरले. युद्ध संपल्यावर मागणी प्रचंड वाढली, आणि इथेच गाडी घसरली. कुत्रे उंच, चौकोनी, बोजड होऊ लागले. १९२५ च्या मुख्य प्रदर्शनात परीक्षक असलेल्या श्टेफानिट्झने अनेकांना चकित करत क्लोडो नावाच्या तुलनेने बुटक्या, लांबट, ऐसपैस पावलं टाकणाऱ्या कुत्र्याला पहिलं ठरवलं. एका निकालाने जातीची दिशा बदलली.

अर्थात त्याचीही एक चूक सांगायला हवी. मोजक्या कुत्र्यांचं रक्त पुन्हापुन्हा आपसात मिसळण्याची पद्धत त्यानेच पाडली, आणि तिचे तोटे या जातीने पुढे भोगले.

नाझी सत्तेवर आल्यावर संस्थेत त्यांचा शिरकाव झाला. पस्तीस-छत्तीस वर्षं वाढवलेली संस्था त्याला १९३५ मध्ये सोडावी लागली. दुसऱ्याच वर्षी, २२ एप्रिल १९३६ रोजी, म्हणजे संस्थेच्या वाढदिवसालाच, त्याचं निधन झालं.

पुढे दिखाऊ पैदाशीत पाठीचा उतार वाढत गेला. २०१६ मध्ये इंग्लंडच्या क्रफ्ट्स प्रदर्शनात या जातीत पहिली आलेली कुत्री मागचा भाग जमिनीकडे झुकवत चालताना टीव्हीवर दिसली आणि प्रेक्षक संतापले. ती जेमतेम चालते आहे असंच त्यांना वाटलं.