बघ्यांच्या गर्दीतून बाहेर पडलेल्या गोदावरी परुळेकर

दादरा-नगर हवेलीतील नरोलीची शीव ओलांडली की उंबरगावचा मुलूख लागतो. आज तो गुजरातेत आहे. १९४५ साली तो ठाणे जिल्ह्यातील तालुका होता. नरोलीवर तेव्हा पोर्तुगिजांचा अंमल होता, तो २८ जुलै १९५४ रोजी संपला. उंबरगावात इंग्रजांचे राज्य होते. राज्ये दोन, पण वारली समाज दोन्हीकडे राहत होता. उंबरगाव-डहाणूच्या वारल्यांना वेठबिगारीतून सोडविणाऱ्या लढ्याच्या अग्रभागी गोदावरी परुळेकर होत्या.

त्यांचा जन्म १९०७ साली पुण्यातील गोखले घराण्यात झाला. वडील नामांकित वकील. गोदावरीबाईंनीही कायद्याची पदवी मिळविली. १९३२ साली सत्याग्रहात त्यांनी तुरुंगवास पत्करला. पुढे भारत सेवक समाजाच्या त्या पहिल्या स्त्री सदस्य झाल्या. १९३९ साली शामराव परुळेकरांशी विवाह झाल्यावर दोघे कम्युनिस्ट पक्षात आणि किसान सभेत कार्यरत झाले.

जमीनदाराच्या शेतावर वारल्यांना बिनमोल राबावे लागे. लग्नासाठी काढलेल्या थोड्याशा कर्जापायी नवरा-बायको वर्षानुवर्षे सावकाराच्या दारी बांधले जात. त्यांना लग्नगडी म्हणत. हे काही लपून चालत नव्हते. महसुली कारकून, पोलीस, जंगलखात्याचे शिपाई, गावचा व्यापारी हे सारे ते रोज पाहत होते. १९३० च्या दशकाच्या अखेरीस सिमिंग्टन या अधिकाऱ्याने मुंबई सरकारला दिलेल्या अहवालातही या वेठीची नोंद होती. तरीही पाहणाऱ्यांचे मन शांत राहिले, कारण वारली आळशी, व्यसनी आणि अडाणीच असतो, हा समज घट्ट रुजलेला होता. एकदा दोष माणसाच्या जातकुळीवर टाकला, की त्याच्या पाठीवरचे वळ कोणालाच गुन्हा वाटत नाहीत.

२३ मे १९४५ रोजी झरी गावी वारल्यांची परिषद भरली. सुमारे पाच हजार लोक आले. वेठ करायची नाही आणि रोजी बारा आणे रोख मिळाल्याखेरीज जमीनदाराच्या शेतावर राबायचे नाही, असे तेथे ठरले. पुढच्या काही आठवड्यांत वारल्यांनी स्वतःच लग्नगडी सोडविले. गोदावरीबाई पाड्यापाड्यांतून फिरल्या, त्यांच्या झोपड्यांत राहिल्या. पण नकार उच्चारण्याचे धैर्य वारल्यांचे होते.

१० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडा येथे जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण ठार झाले. परुळेकर दांपत्याला जिल्ह्यातून हद्दपार करण्यात आले. चळवळ मात्र थांबली नाही.

या अनुभवांवरचे त्यांचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे पुस्तक १९७० साली प्रसिद्ध झाले. त्याला १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार लाभला. १९८६ साली त्या अखिल भारतीय किसान सभेच्या अध्यक्ष झाल्या.

पुण्यात वकिली करून त्या प्रतिष्ठेचे आयुष्य जगू शकल्या असत्या आणि त्याबद्दल त्यांना कोणी दूषण दिले नसते. गप्प राहणाऱ्याला जाब विचारला जात नाही, म्हणूनच अन्यायाला इतके दीर्घ आयुष्य लाभते. गोदावरीबाईंनी तो जाब स्वतःला विचारला. ८ ऑक्टोबर १९९६ रोजी त्यांचे निधन झाले. तलवाड्याच्या हुतात्म्यांचा स्मृतिदिन तेव्हा दोनच दिवसांवर आला होता.